बेदाण्याचा रंग आणि एक कुलूपबंद विकर

फराळासाठी बेदाणा आणायला गेलेले गिऱ्हाईक दुकानात दोनच गोष्टी करते. एक दाणा तोंडात टाकते आणि मूठभर दाणे उजेडात धरून रंग बघते. चवीचे दर फारसे बदलत नाहीत, रंगाचे बदलतात. तासगावच्या सौद्यात हिरवट, चमकदार माल आणि लालसर-तपकिरी पडलेला माल यांच्या भावातला फरक शेतकऱ्याचे वर्ष तारणारा किंवा बुडवणारा असतो. दोन्ही माल एकाच बागेतले, एकाच वेलीवरचे, साखरही जवळजवळ सारखीच. फरक असतो तो द्राक्षाच्या सालीखाली असलेल्या एका प्रथिनाने किती काम केले, एवढाच.

या प्रथिनाचे नाव पॉलिफेनॉल ऑक्सिडेज. नाव लांबलचक असले तरी त्याचे काम आपण रोज पाहतो. कापलेले सफरचंद, सोललेले केळे, चिरून ठेवलेले वांगे तपकिरी पडते ते याच्यामुळे. वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या नकळत याच विकराशी झगडत होत्या. विकर म्हणजे एन्झाइम. पुढे मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

माझी पदवी वाणिज्य शाखेची. बरीच वर्षे एका शीतगृहाचे हिशेब लिहिले. बेदाण्याच्या बॉक्सवर बॉक्स चढलेले पाहताना रंगाचा प्रश्न डोक्यात बसला, आणि रसायनशास्त्र मी पन्नाशीकडे झुकताना पुस्तकांतून शिकलो. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापक मित्राने सुट्टीच्या दिवसांत आपली प्रयोगशाळा वापरू दिली, म्हणून यातले थोडे हाताने करूनही पाहता आले. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नव्हे. मात्र ऐकीव माहितीवर रचलेलाही नव्हे.

आधी साधी यंत्रणा सांगतो. फळाच्या प्रत्येक पेशीत फेनॉल गटातली द्रव्ये असतात. द्राक्षात त्यांतले मुख्य म्हणजे कॅफ्टारिक आम्ल. ही द्रव्ये पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीसारख्या कप्प्यात साठलेली असतात. पॉलिफेनॉल ऑक्सिडेज मात्र वेगळ्या कप्प्यात, हरितलवकासारख्या लवकांत असते. मधे पडदे आहेत तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरी फिरली, दाणा चेपला, किंवा वाळताना पडदे फाटले, की गाठ पडते. तिसरा भिडू म्हणजे हवेतला ऑक्सिजन. विकर त्या ऑक्सिजनच्या साहाय्याने फेनॉलचे क्विनोन करते. इथपर्यंतच त्याचे काम. क्विनोन हे मोठे उतावीळ रेणू. ते एकमेकांना, प्रथिनांना, हाताशी येईल त्याला चिकटत जातात आणि त्यांचे तपकिरी-काळे जाळे तयार होते. रंग विकर करत नाही, विकराने सुरू करून दिलेली साखळी करते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

हे विकर माणसाला पहिल्यांदा भेटले ते फळांत नव्हे. 1856 साली शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने काही अळिंब्या कापल्यावर निळ्या पडतात त्याचा अभ्यास केला. 1883 मध्ये जपानच्या हिकोरोकुरो योशिदा यांनी लाखेच्या झाडाचा चीक हवेत का कडक होतो याचा शोध घेतला आणि चीक तापवला की तो गुण जातो, हे दाखवले. तापवल्यावर गुण जाणे ही प्रथिनाची खूण. पुढच्या दशकात पॅरिसच्या गाब्रिएल बर्त्राँ यांनी चिकातल्या विकराला लॅकेज नाव दिले आणि अळिंबीतून टायरोसिनेज वेगळे काढले. लॅकेजमध्ये मँगेनीज धातू असावा असे त्यांचे मत होते. तो निघाला तांबे. 1937-38 च्या सुमारास जर्मनीत कुबोविट्झ यांनी बटाट्यातले आणि इंग्लंडात केंब्रिजला केलिन व मॅन यांनी अळिंबीतले विकर शुद्ध करत नेले. जसजसे विकर शुद्ध होत गेले तसतसे त्यातले तांब्याचे प्रमाण वाढत गेले. कुबोविट्झ यांनी तर तांबे काढून घेतले, विकर निकामी झाले; तांबे परत दिले, विकर पुन्हा कामाला लागले. अशुद्ध रसात हा निवाडा कधीच झाला नसता. रसात मँगेनीजही असते, लोखंडही असते, तांबेही असते. कोण मालक आणि कोण वाटसरू, ते शुद्ध केल्याशिवाय कळत नाही.

केंब्रिजच्याच म्युरिएल ऑन्स्लो यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्यांनी निरनिराळी फळे घेऊन कोणती तपकिरी पडतात आणि कोणती पडत नाहीत याचा पद्धतशीर अभ्यास केला. विकर आणि त्याला लागणारे द्रव्य ही दोन्ही लागतात, हे त्यांच्या कामातून ठसले. त्यांच्याकडे आजची यंत्रे नव्हती. फळ होते आणि नजर होती.

आता शुद्धीकरणाकडे येतो. याची गंमत, आणि खरी अडचण, अशी की हे विकर स्वतःच्या शुद्धीकरणाच्या आड येते. इतर प्रथिन काढायचे तर फळ वाटा, गाळा, पुढचे करा. इथे फळ वाटले त्याच क्षणी विकराला त्याचे खाद्य मिळते, क्विनोन तयार होतात आणि ते क्विनोन विकरालाच चिकटतात. मिक्सरचे झाकण उघडून पाहावे तर हातात तपकिरी चिखल. त्यात विकर असते, पण बरेचसे मेलेले आणि उरलेले काळ्या लगद्यात गुंडाळलेले.

म्हणून पहिली पाच मिनिटे सगळ्यांत महत्त्वाची. सगळे बर्फात ठेवायचे. दाणे आधी गोठवून घ्यायचे. ज्या बफरमध्ये ते वाटायचे त्यात एस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व घालायचे. ते क्विनोनला पुन्हा फेनॉल करून टाकते. सफरचंदावर लिंबू पिळतो त्यामागे हेच तत्त्व आहे, आणि लिंबाचा आंबटपणा विकराला मानवत नाही हे वेगळे. मात्र क जीवनसत्त्व विकराला थांबवत नाही, नुसते वेळ मारून नेते. ते संपले की तपकिरी रंग चढू लागतो. म्हणून सोबत एक पांढरी, न विरघळणारी पूड घालतात. तिचे नाव पॉलिव्हिनाइल-पॉलिपायरोलिडोन. प्रयोगशाळेत सगळे तिला पीव्हीपीपी म्हणतात. फेनॉल तिला चिकटतात आणि गाळ म्हणून बाहेर जातात. थोडक्यात, विकर हाती येण्याआधी त्याचे ताट काढून घ्यायचे.

द्राक्षासाठी आणखी एक सुंदर युक्ती स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 1989 मध्ये मांडली. ट्रायटन एक्स-114 नावाचा एक साबणासारखा पदार्थ आहे. थंडगार पाण्यात तो स्वच्छ विरघळतो, पण खोलीच्या तापमानापलीकडे जरा तापवला की द्रावण दुधाळ होते आणि दोन थर पडतात. खालच्या जाड थरात हरितद्रव्य, पडद्यांतली प्रथिने आणि बरेचसे फेनॉल जातात. विकर वरच्या पाणीदार थरात राहते. महागडे यंत्र नको, फक्त तापमान सांभाळायचे. हिरव्या रसातून वर स्वच्छ, जवळजवळ रंगहीन थर सुटताना मी पाहिला आहे. कोजागरीला आटवलेल्या दुधावरची सायही इतक्या कौतुकाने पाहिली नसेल.

पुढच्या पायऱ्या कुठल्याही प्रथिनाला लागू पडतात, त्या पटकन सांगतो. अमोनियम सल्फेट हे मीठ टप्प्याटप्प्याने घालत गेले की निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या टप्प्यांवर साका धरतात. हवा तो साका घ्यायचा, पातळ पडद्याच्या पिशवीत भरून रात्रभर बफरमध्ये बुडवून त्यातले मीठ काढायचे, मग तो स्तंभांतून सोडायचा. एका स्तंभात प्रथिने विद्युतभारानुसार वेगळी होतात, दुसऱ्यात आकारमानानुसार.

प्रत्येक पायरीवर दोन मोजमापे घ्यावी लागतात. एकूण प्रथिन किती आणि विकराचे काम किती. काम मोजणे सोपे आहे. कॅटेकॉल नावाचे फेनॉल घालायचे आणि 420 नॅनोमीटरच्या प्रकाशात द्रावण किती वेगाने पिवळट-तपकिरी होते ते यंत्रावर पाहायचे. मग एक तक्ता मांडतात. हिशेबनिसाला हा तक्ता लगेच समजतो, कारण तो ताळेबंदच आहे. समजा, सुरुवातीच्या रसात 1000 मिलिग्रॅम प्रथिन आणि कामाची 10000 एकके होती; म्हणजे मिलिग्रॅममागे 10. शेवटी हातात 2 मिलिग्रॅम प्रथिन आणि 2000 एकके उरली. म्हणजे मिलिग्रॅममागे 1000. शुद्धता शंभरपट झाली आणि चार पंचमांश माल वाटेत गेला. हा तोटा नव्हे, शुद्धतेची किंमत आहे. तक्त्यात कधीकधी मधल्या पायरीला एकूण काम सुरुवातीपेक्षा वाढलेले दिसते. जमाखर्चात असे दिसले तर लेखापरीक्षक घाम फोडेल. इथे मात्र तीच बातमी असते, आणि तिच्याकडे मी वळणारच आहे.

विकर शुद्ध झाले की त्याचे गुण तपासतात. कोणत्या आम्लतेला ते सर्वांत जोमाने चालते, किती तापमान सोसते, कोणत्या द्रव्याशी त्याची किती सलगी, कोणत्या पदार्थाने ते थांबते. अशा निबंधांचा ढीग मी वाचला आहे. सफरचंद, नासपती, केळे, आंबा, चिकू, जांभूळ. फळाचे नाव बदलते, तक्ता तोच राहतो. माझी तक्रार एकच. त्यांतल्या बहुतेकांनी सलगी मोजली ती कॅटेकॉलशी, कारण ते बाटलीत मिळते आणि स्वस्त आहे. द्राक्षाच्या दाण्यात विकराची गाठ कॅफ्टारिक आम्लाशी पडते. केळ्यात ती डोपामिनशी पडते, हे जे. के. पामर यांनी 1963 मध्येच दाखवले. घरच्या माणसाशी कसे वागतो ते पाहण्याऐवजी परक्या पाहुण्याशी कसा वागतो यावरून स्वभाव लिहिण्यासारखे हे झाले. आकडे खोटे नसतात, पण ते फळाबद्दल फारसे बोलत नाहीत.

आणि आता ती वाढलेल्या कामाची बातमी.

प्रथिनांचे वजन पाहण्यासाठी ती एसडीएस नावाच्या तीव्र साबणात घालून जेलच्या पातळ पाटीतून विजेच्या ओढीने पळवतात. एसडीएस बहुतेक विकरांची घडी विस्कटून त्यांना मारतो. पॉलिफेनॉल ऑक्सिडेज मात्र त्यात तग धरते. इतकेच नव्हे, पुष्कळदा एसडीएस घातल्यावर अधिक जोमाने चालू लागते. जेलची पाटी कॅटेकॉलच्या द्रावणात बुडवली की रंगहीन पाटीवर एक तपकिरी रेघ उमटते. ते विकर, जिवंत, आपली जागा स्वतःच दाखवत असते. पण साबणाने प्रथिन जागे होते याचा अर्थ ते आधी झोपलेले होते.

झोप कशाची, ते ऑस्ट्रेलियात उलगडले. रॉबिन्सन आणि ड्राय यांनी बाकल्याच्या पानांतून हे विकर काढताना दक्षता घेतली, तेव्हा त्यांना आढळले की पानातला मूळ रेणू सुमारे 60 किलोडाल्टनचा आहे, आणि सगळे जण ज्याला शुद्ध विकर म्हणत आले तो सुमारे 40 चा तुकडा आहे. हे 1992 साल. दोनच वर्षांनी त्यांनी द्राक्षातल्या विकराचा जनुक वाचला. त्यातून 67 किलोडाल्टनचे प्रथिन तयार होते. त्यातला पुढचा 10.6 चा भाग म्हणजे लवकात जाण्याचा परवाना. आत शिरल्यावर तो कापला जातो. मधला 40.5 चा भाग खरा कारागीर. आणि मागे 16.2 ची एक शेपटी. ही शेपटी तांब्याच्या जागेवर झाकणासारखी बसते. झाकण आहे तोवर विकर कुलूपबंद. पेशीतल्याच प्रथिने कापणाऱ्या विकरांनी शेपटी तोडली, किंवा एसडीएसने घडी सैल केली, की कुलूप उघडते.

म्हणजे आपण शुद्ध केले ते द्राक्षातले विकर की आपल्या हाताळणीत कापले गेलेले विकर? रस तासभर जास्त ठेवला तर कापाकापी वाढते, मधल्या पायरीला काम वाढलेले दिसते. जुन्या निबंधांत एकाच फळाच्या विकराचे वजन आणि गुण निरनिराळे आले, त्यातला बराच गोंधळ इथून आला असे माझे मत आहे.

ऑस्ट्रेलियाला यात एवढा रस का, याचे उत्तर आपल्या दारात आहे. तिथे ज्याला सुलताना म्हणतात तेच आपले थॉमसन सीडलेस. सांगलीच्या बागांतला तास-ए-गणेश हाही थॉमसनमधूनच निवडलेला वाण. त्यांचाही धंदा बेदाण्याचाच. राथजेन आणि रॉबिन्सन यांनी 1992 मध्ये सुलतानाच्या एका चट्टेपट्टेदार पानांच्या वेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बागेत आपोआप निपजलेली ही वेल ‘ब्रूसेस स्पोर्ट’ नावाने ओळखली जाते. तिच्यात विकराचे काम कमी भरले. कारण पाहिले तर विकर होते, पण 60 किलोडाल्टनचे. 40 चा तुकडा नीट तयारच होत नव्हता. या वेलीत कारागीर आहे, पण कुलूप उघडत नाही. 40 आणि 60 या दोन रेघा जेलवर वेगळ्या पाडता आल्या नसत्या तर हे कोणालाही सांगता आले नसते. फार तर ‘या वेलीत विकर कमी आहे’ एवढे लिहून गडी मोकळे झाले असते.

आता आपल्या शेडकडे या. द्राक्ष वेलीवरून थेट उन्हात टाकले तर वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. कॅलिफोर्नियात वेलींच्या ओळींमध्ये कागदावर असेच वाळवतात आणि त्यांचा बेदाणा गडद तपकिरी होतो. त्यांना तोच आवडतो. आपल्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून सावलीत, जाळीच्या रॅकवर टाकतात. डिपिंग ऑइलमधले इथाइल ओलिएट सालीवरच्या मेणाच्या खवल्यांची रचना बदलते आणि पाणी झटपट बाहेर पडते. पाणी उतरले, साखर घट्ट झाली की विकराला हालचालच करता येत नाही. म्हणजे ही शर्यत आहे. पडदे फाटून विकर आणि फेनॉल भेटणे, आणि पाणी संपून विकर थिजणे, यांत आधी काय घडते ती. ढगाळ हवा आली, अवकाळी पावसाची सर आली, की वाळणे रेंगाळते आणि विकर जिंकते. शेतकरी म्हणतो, ‘माल लाल पडला.’

इथे गंधक येतो. गंधक जाळून निघालेला सल्फर डायऑक्साइड दोन कामे करतो. तो क्विनोनशी जुळून त्यांची साखळी तोडतो आणि विकरालाही कायमचे निकामी करतो. क जीवनसत्त्व वेळ मारून नेते, हा शत्रूच मारतो. म्हणून धुरीची सवय सुटत नाही. पण याची दुसरी बाजू आहे. अमेरिकेत सल्फाइटमुळे दमेकऱ्यांना झटके येऊन काहींचे मृत्यू झाल्याच्या तक्रारी आल्यावर 1986 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या खायच्या ताज्या फळ-भाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी घातली आणि इतर पदार्थांत दहा लाखांत 10 भागांपेक्षा जास्त असेल तर वेष्टणावर लिहिणे सक्तीचे केले. बेदाण्यावर बंदी नाही, मर्यादा आहेत. मर्यादा पाळून दिलेली धुरी निरोगी माणसाला बाधत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण घरात दमेकरी असेल तर रंगावर भाळू नये. आणि धुरीच्या खोलीत रोजंदारीवर काम करणाऱ्या बायकांचे डोळे आणि घसे कुठल्या वेष्टणावर लिहिलेले नसतात.

एक खुलासा इथेच करतो. शीतगृहाबाहेर महिनोन्महिने ठेवलेला बेदाणा काळवंडतो त्यात विकराचा हात फारसा नसतो. तिथे साखर आणि अमिनो आम्ले यांची संथ प्रक्रिया चालते. पोळी तव्यावर भाजताना खरपूस होते त्याच जातीची. तिच्यावर उपाय थंडी.

मग हे विकर नकोच असलेला वाण का करू नये? सफरचंदात ते झाले आहे. या विकराचे जनुक दाबून केलेल्या, चिरल्यावर तपकिरी न पडणाऱ्या सफरचंदांना अमेरिकेत 2015 मध्ये परवानगी मिळाली. मला मात्र थोडी धास्ती वाटते. वेलीने हे विकर आपला बेदाणा बिघडवण्यासाठी ठेवलेले नाही. टोमॅटोत हे विकर वाढवल्यावर झाडे एका जिवाणू रोगाला अधिक तोंड देऊ शकली, असे प्रयोग झाले आहेत. जखमेवर तपकिरी पट्टी बांधणारा कारागीर काढून टाकला, तर केवडा आणि भुरीने आधीच गांजलेल्या आपल्या बागांचे काय होईल ते मोजल्याशिवाय बोलू नये. म्हणून मला ब्रूसेस स्पोर्टची वाट अधिक आवडते. कारागीर ठेवायचा, कुलूप घट्ट असलेली वेल निवडायची. आपल्या शेतकऱ्यांनी थॉमसनमधून नजरेने निवडून नवे वाण काढलेच आहेत. त्या निवडीला जेलवरच्या दोन रेघांची जोड देता येईल.

त्यासाठी थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका आणि माणिक चमन यांच्यातले विकर कापाकापी होऊ न देता काढायला हवे, 60 आणि 40 चे प्रमाण पाहायला हवे, आणि काम कॅटेकॉलवर नव्हे तर कॅफ्टारिक आम्लावर मोजायला हवे. या विकराचा जनुक कोवळ्या दाण्यांत जोरात चालतो, पिकलेल्यांत जवळजवळ बंद पडतो. त्यामुळे नमुना घ्यायचा तो काढणीच्या वेळी नव्हे, मणी बाजरी-ज्वारीएवढे असताना. ऑक्टोबर छाटणीच्या बागांत ही वेळ साधारण डिसेंबरात येते. चार बागाईतदारांनी प्रत्येकी दोन वेली राखून ठेवल्या आहेत, आणि बर्फाची पेटी मी शीतगृहातून उसनी घेतली आहे.